पप्पांची डायरी आणि शिळ्या नोंदी

आम्ही मूळचे अमळनेरकडचे. पप्पा लूमवर कामाला सुरतला आले आणि आम्ही उधन्याचेच झालो. मी ऑफिसांत नेटवर्किंगची कामं करतो.

सुरुवातीला रिंग रोडवरच्या एका कापड मार्केटात गेलो होतो. बिलांचा प्रिंटर अडकला होता. लिनक्सवर जुनी 'आर्प' कमांड चालवली, सगळ्या नोंदी ठीक दिसल्या. मग 'आयपी नेबर' चालवली, तर त्याच नोंदींपुढे 'स्टेल', म्हणजे शिळं! शेठना सांगितलं, दोष सापडला. सगळ्या नोंदी पुसल्या. थोड्या वेळात पुन्हा तेच. शेवटी केबल ढिली निघाली. लाज वाटली.

घरी येऊन वाचलं. कर्नल शेजारच्या मशीनचे पत्ते लिहून ठेवतं. साधारण अर्धा मिनिट खात्री झाली नाही, की नोंदीला शिळी म्हणतं, पण लगेच खोडत नाही. काम पडलं की त्याच पत्त्यावर पाठवतं, 5 सेकंद वाट बघतं, मग 3 वेळा विचारतं. तरी उत्तर नाही, तेव्हाच ती नोंद बाद. जुनी कमांड शिळं आणि ताजं सारखंच दाखवते, म्हणून मी नव्या शब्दाला घाबरलो. शिळी म्हणजे चुकीची नव्हे, काही वेळ खात्री न केलेली.

हे कळूनही घरी तीच चूक केली. पप्पांची डायरी 2006 च्या तापीच्या पुरात भिजलेली. गेल्या वर्षी त्यातले नंबर मोबाईलमध्ये चढवले, तेव्हा पाच नावं गाळली. दहा वर्षांत त्यांचा फोनच नव्हता.

पप्पांच्या लगेच लक्षात आलं. "तू इचारलं का त्यास्ले?"

मी गप्प.

रविवारी शेजारी बसवून त्यांनी पाचही नंबर लावायला लावले. दोन बंद होते. दोन लागले. एक काका तर ओरडलेच, "कसा शे रे भाऊ?" पप्पा अर्धा तास हसत बोलत होते. पाचवा तिसऱ्यांदा उचलला गेला. काकू होत्या. काका होळीच्या आधीच गेले होते.

पप्पांनी डायरी मागितली, ते नाव स्वतःच्या हाताने खोडलं आणि म्हणाले, "आधी लावायला पाहिजे होता."

तुमच्याही डायरीत अशी नावं असतील. खोडण्याआधी एकदा फोन लावून बघा.