होकाराची फसगत

'येस' हा इंग्रजींतला बहुधा सर्वांत सोपा शब्द असावा. मूल शाळेंत जाऊं लागलें कीं पहिल्याच आठवड्यांत तो शिकून येतें. पण याच शब्दानें मला एकदां चांगलेंच फसविलें.

परदेशीं शिकत असतां माझ्या शेजारच्या खोलींत एक चिनी विद्यार्थी राहत असे. त्याची आजी अत्यवस्थ असल्याचें समजलें, तेव्हां मीं त्याला इंग्रजींत विचारलें, "म्हणजे तूं घरीं जाणार नाहींस?" तो म्हणाला, "येस." "छान झालें!" म्हणून मीं त्याची पाठ थोपटली. दुसऱ्या दिवशीं पहाटे त्याची बॅग उचलण्यासाठीं त्याच्या दाराशीं हजर झालों, तों तो पुस्तक उघडून खिडकीशीं बसलेला! विमानाच्या भाड्यापुरते पैसे त्याच्यापाशीं नव्हते. "मीं काल सांगितलें होतें ना?" तो खालच्या आवाजांत म्हणाला.

त्यानें खरोखरच सांगितलें होतें. चिनी भाषेंत सर्व प्रश्नांना पुरेल असा एकच 'हो' नाहीं. "जेवलास का?" याला "जेवलों" असें क्रियापदच परत करावयाचें. नकारार्थी प्रश्नाला मात्र 'दुई', म्हणजे 'बरोबर', असें म्हटलें कीं अर्थ होतो: तुमचें म्हणणें खरें, मी जाणार नाहीं. इंग्रजी 'येस' विचारणाऱ्याच्या म्हणण्याकडे पाहत नाहीं, वस्तुस्थितीकडे पाहतो. जाणार असाल तरच 'येस'.

खुद्द इंग्रजांनाही हा शब्द एके काळीं जपून वापरावा लागे. साध्या प्रश्नाला 'ये' व 'ने' आणि नकारार्थी प्रश्नाला 'येस' व 'नो', अशीं निरनिराळीं उत्तरें त्यांच्यांत होतीं. टिंडेलनें हा भेद पाळला नाहीं म्हणून टॉमस मोरनें १५३२ सालीं त्याला धारेवर धरलें होतें.

पण मला ही सबब पुरेशी वाटेना. कारण आपली मराठीही या बाबतींत चिनीचीच सोयरी आहे. "उद्यां येणार नाहींस?" "हो, जमायचें नाहीं," असें आपण रोज बोलतों. लहानपणीं "गृहपाठ केला नाहींस?" या मास्तरांच्या इंग्रजी प्रश्नाला मीं 'येस सर' म्हटलें, त्यांनीं वही मागितली, आणि खोटें बोलल्याबद्दल मला छडी बसली. ती छडी मी कशी विसरलों?

मी त्याच्याजवळ बसलों, चहा केला आणि जुन्या खोडीनें पुन्हां विचारलें, "तुला चहा नको?"

"नो," तो म्हणाला आणि त्यानें कप पुढें केला. या खेपेस मीं मुकाट्यानें चहा ओतला.