घर पाहावं पावसात

मे महिन्यात मुंबईतला कुठलाही फ्लॅट देखणाच दिसतो. भिंतींना नवा रंग, हवेत डिस्टेंपरचा वास आणि ब्रोकरचं ठरलेलं वाक्य, ‘एकदम कडक जागा आहे साहेब!’ मग जून येतो. जुलैपर्यंत कपाटामागे काळे-हिरवे ठिपके उगवतात, ऑफिसच्या बुटांवर पांढरी लव चढते, उशीला कुबट वास येतो. मालक म्हणतात, ‘खिडक्या उघड्या ठेवत जा.’ तुम्ही म्हणता, ‘भिंत तुमची आहे!’

खरं कोणाचं? ते ओल कुठून येतेय यावर ठरतं. आणि मुंबईत एरिया बदलला की ओलही बदलते. चला, एक चक्कर मारून येऊ.

गिरगाव, लालबाग : ताडपत्रीचा मुलूख

मेअखेर इथल्या चाळींच्या छपरांवर निळ्या ताडपत्र्या चढू लागतात. लाकडी तुळया, जुन्या भिंती, कॉमन गॅलरी. ओल इथे वरून झिरपते. हे पगडीचे, खरेखुरे भाडेकरू. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ चं कलम १४ त्यांच्या बाजूचं आहे. वेगळा करार नसेल तर जागा राहण्याजोगी ठेवणं मालकाचं काम. त्याने टाळाटाळ केली तर किमान १५ दिवसांची नोटीस द्यायची, दुरुस्ती स्वतः करायची आणि खर्च भाड्यातून वळता करायचा. गोम अशी की वर्षाला भाड्याच्या एक चतुर्थांशपर्यंतच. समजा भाडं महिना २०० रुपये असेल, तर वळते होणार ६०० रुपये! त्यात ताडपत्रीही धड येत नाही. म्हणून मग बिऱ्हाडं आपसात वर्गणी काढतात.

अंधेरी, गोरेगाव, मुलुंड : सोसायटीचं राज्य

तीस-चाळीस वर्षांच्या इमारती, गच्चीवर पत्र्याची शेड. पावसाळी वारा नैऋत्येकडून येतो, त्यामुळे दक्षिण-पश्चिमेच्या भिंती झोडपून निघतात. बाहेरच्या भेगेतून आत ओल, आतून पोपडे.

इथे डिटेक्टिव्ह व्हा. डाग फक्त पावसात वाढतो? मग संशय गच्ची किंवा बाहेरच्या भिंतीवर. सोसायटीच्या आदर्श उपविधींनुसार पावसाच्या पाण्याची गळती सोसायटीने दुरुस्त करायची. जानेवारीतही डाग ओलाच? मग वरच्या फ्लॅटच्या बाथरूमकडे बघा. तो खर्च त्या सभासदाचा. पण तुम्ही सभासद नाही, त्यामुळे तुमचं पत्र सेक्रेटरी फाइलमध्ये ठेवून देण्याची शक्यता जास्त. पत्र मालकाच्याच सहीने जाऊ द्या. पाणी न थांबवता नुसता रंग मारू देऊ नका, पुढच्या पावसात डाग पुन्हा हजर!

घोडबंदर रोड : काचेआडची बुरशी

चकाचक टॉवर, स्लायडिंग खिडक्या, दिवसभर बंद घर. संध्याकाळी हॉलमध्ये ओले कपडे, बाथरूमचा फॅन बंद, रात्री एसी. छत गळत नसतानाही कोपऱ्यात ठिपके दिसले, तर ही बहुतेक आपलीच वाफ. इथे मालकाशी भांडण्यात अर्थ नाही. फॅन लावा, कपाट भिंतीपासून थोडं पुढे ओढा. बुरशी कोरड्या ब्रशने खरवडू नका, ती उडून नाकात जाते. दमा किंवा अॅलर्जी असेल तर हा प्रश्न फक्त भिंतीचा उरत नाही.

सही करण्याआधी

अकरा महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्सवर राहणारे आपण कायद्याच्या भाषेत भाडेकरू नाही, ‘लायसेन्सी’. गिरगावकरांचा तो नोटिशीचा हक्क आपल्याला आपोआप मिळत नाही. आपलं कलम १४ म्हणजे आपला करार! तेव्हा :

• शक्यतो घर पावसात बघा. उन्हाळ्यात बघताय? मग खिडकीखालचा, कपाटामागचा आणि बाथरूमला लागून असलेला भाग हाताने चाचपा. फुगलेला रंग बोलतो.

• तळमजला असेल तर २६ जुलै २००५ ला पाणी कुठवर आलं होतं ते वॉचमनला किंवा शेजाऱ्यांना विचारा. त्या दिवशी सांताक्रूझला ९४४ मिलीमीटर पाऊस पडला होता.

• ‘जागा उत्तम स्थितीत ताब्यात मिळाली’ असं छापील वाक्य करारात असेल, तर डोळे झाकून सही नको. दिसणारे डाग तिथेच लिहा, तारखेसकट फोटो काढा.

• गळतीची दुरुस्ती किती दिवसांत आणि कोणाच्या खर्चाने, हे एका ओळीत लिहून घ्या. पुढे डिपॉझिटमधून ‘पेंटिंगचे’ पैसे कापायची वेळ आली की हीच ओळ कामी येते.

• कराराची नोंदणी झालीच पाहिजे. कलम ५५ प्रमाणे ती जबाबदारी मालकाची. ती केलेली नसेल तर अटींबद्दल तुमचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं, उलट सिद्ध होईपर्यंत.

ब्रोकर म्हणेल, ‘इतकं कोण बघतं?’ तुम्ही बघा. आणि भर पावसात बघा.