एव्हांजेलिनची सोबत

काही कविता आपण पाठ करतो आणि कालांतराने विसरतो. एखादीच अशी असते, की जी आपल्याबरोबर वयाने वाढत जाते. हेन्री वर्ड्सवर्थ लाँगफेलो ह्या अमेरिकन कवीचे १८४७ साली प्रसिद्ध झालेले ‘एव्हांजेलिन’ हे कथाकाव्य माझ्या बाबतीत असे ठरले. मी बारा वर्षांची असताना वडील ते थोडे थोडे वाचीत व मराठीत समजावून देत. अर्धे इंग्रजी शब्द मला उमजत नसत. परंतु सहा गणांच्या त्या दीर्घ ओळींची लय भरतीच्या लाटांसारखी अंगावर येई, आणि तेवढे मला पुरे होई.

कथा साधी आहे. आजच्या कॅनडातील नोव्हा स्कॉशिया प्रांतात ग्राँ-प्रे नावाचे गाव होते. समुद्राच्या भरतीला बांध घालून मिळवलेल्या सुपीक जमिनीवर तेथे अकेडियन, म्हणजे फ्रेंच वंशाचे कॅथोलिक शेतकरी, नांदत होते. सप्टेंबर १७५५ मध्ये ब्रिटिश सत्तेने गावातील पुरुषांना त्यांच्याच चर्चमध्ये बोलावून हद्दपारीचा हुकूम ऐकवला. गोरगरिबांची ताटातूट झाली. काव्यातील एव्हांजेलिन आणि तिचा वाग्दत्त गॅब्रिएल हा लोहारपुत्र वेगवेगळ्या जहाजांवर चढवले गेले, आणि तिचा जन्मभराचा शोध सुरू झाला.

एका प्रसंगाने मला लहानपणी फार छळले. दक्षिणेतल्या नदीकाठी एव्हांजेलिन थकून निजलेली असते, आणि बेटाच्या पलीकडून गॅब्रिएलची होडी निघून जाते. तिला कोणी हाक का मारीत नाही, असे मी वडिलांना विचारी. ते म्हणत, “बाळ, हाक मारणाऱ्याला तरी ठाऊक हवे ना!”

लग्नानंतर पती जहाजावर नोकरीला गेले. महिनोन्महिने पत्राची वाट पाहताना ती निसटलेली होडी मला निराळी दिसू लागली. माझ्या माणसाचा परतीचा दिवस तरी ठरलेला असे. एव्हांजेलिनला तेवढाही आधार नव्हता.

मोठेपणी इतिहास वाचला तेव्हा कळले, की हे प्रेमी कवीचे असले तरी दुःख खरे होते. हजारो अकेडियन देशोधडीला लागले. हुकुमाची अंमलबजावणी करणाऱ्यांत कवीच्याच न्यू इंग्लंडचे सैनिक मोठ्या संख्येने होते. ह्याविषयी काव्य फारसे बोलत नाही. २००३ साली ब्रिटिश राजसत्तेच्या वतीने कॅनडात काढलेल्या घोषणापत्राने ह्या यातना मान्य केल्या, आणि २०१२ साली ग्राँ-प्रेचा परिसर जागतिक वारसा ठरला. तोवर अडीच शतके उलटली होती.

पतींच्या दीर्घ आजारात मी पुन्हा शेवटच्या सर्गाकडे वळले. म्हातारपणी एव्हांजेलिन फिलाडेल्फियात धर्मभगिनी होते आणि गरिबांच्या आजाऱ्यांची सेवा करते. साथीच्या दिवसांत निराधारांच्या आश्रयगृहातील एका खाटेवर तिला मरणासन्न गॅब्रिएल सापडतो. तो तिच्या कुशीत प्राण सोडतो, आणि ती मस्तक लववून परमपित्याचे आभार मानते.

वाचकहो, पूर्वी मला वाटे, की ती शोध सोडून सेवेकडे वळली. रुग्णाच्या उशाशी रात्री जागवल्यावर उमगले, की तिने शोध सोडला नव्हताच. ज्याला शोधायचे त्याच्यासाठी राखलेली माया तिने तोवर समोर येईल त्या प्रत्येकाला दिली. म्हणूनच त्या खाटेपर्यंत तिचे पाय पोहोचले. ती खाट टाळून पुढे गेली असती, तर गॅब्रिएल तिला भेटलाच नसता.

तिने मानलेले ते आभार मात्र मला अजून सहजी मानता येत नाहीत. पती जाऊन आता बरीच वर्षे झाली. त्या पानाशी मी थांबते, पुस्तक मिटते, आणि गावातील कोणी आजारी असेल त्याच्याकडे जाऊन येते. आभाराचे शब्द ओठी येईपर्यंत एवढे तरी करता येते.