वीस डिसेंबरचे बेट

हिंदी महासागरात मादागास्करच्या पूर्वेला सुमारे 700 किलोमीटरवर रियुनियन नावाचे एक बेट आहे. क्षेत्रफळ अवघे 2,512 चौरस किलोमीटर. मधोमध उंच डोंगर, एका टोकाला अधूनमधून लाव्हा ओकणारा ज्वालामुखी आणि किनाऱ्याला उसाची शेती. नकाशात पाहिले तर आफ्रिका जवळ वाटते. पण खिशात युरो लागतात आणि टपाल कचेरीवर फ्रेंच झेंडा फडकतो. 1946 पासून हे बेट फ्रान्सचा एक जिल्हा आहे. वसाहत नव्हे, जिल्हा. इथला माणूस पॅरिसच्या माणसाइतकाच फ्रेंच नागरिक.

त्यामुळे फ्रान्सचे सगळे सण इथे होतात. 14 जुलै हा फ्रान्सचा राष्ट्रीय दिन. 1789 साली याच दिवशी पॅरिसच्या जनतेने बास्तीय किल्ला घेतला. 1880 पासून तो अधिकृत राष्ट्रीय सण झाला. रियुनियनमध्ये तेव्हा हिवाळा असतो. राजधानी सेंट डेनिसमध्ये सैनिकांचे संचलन होते, रात्री आतषबाजी होते. 21 जूनला संगीत दिन असतो. त्या संध्याकाळी चौकाचौकात कुणीही वाद्य घेऊन उभे राहावे, अशी प्रथा फ्रान्समध्ये 1982 साली सुरू झाली आणि ती इथेही रुजली.

पण या बेटाचा खरा सण वेगळा आहे. तो 20 डिसेंबरला येतो आणि फ्रान्सच्या मुख्य भूमीवर त्याची सुट्टी नसते. 1848 साली या तारखेला सार्दा गारिगा या सरकारी आयुक्ताने इथल्या गुलामांना मुक्तीचा हुकूम वाचून दाखवला. बेटाची लोकसंख्या तेव्हा लाखभर. त्यातले 60 हजारांहून अधिक लोक गुलाम होते. ही माणसे एका दिवसात स्वतंत्र झाली. मात्र त्यांनी आधीच कुणा ना कुणा मालकाकडे कामाचा करार करून ठेवावा, अशी अटही होती. ऊस कापायला माणसे हवीच होती!

या दिवसाला इथे 'फेत काफ' म्हणतात. फेत म्हणजे सण आणि काफ म्हणजे आफ्रिकी वंशाचा माणूस. हा शब्द आपल्या ओळखीचा आहे. अरबीतला 'काफिर' पोर्तुगीजांच्या तोंडून फिरत फिरत इथे आला आणि त्याचा धर्माशी संबंध तुटून तो वंशाचे नाव झाला. एके काळी तुच्छतेने उच्चारलेला हा शब्द आज लोक अभिमानाने सणाला लावतात.

रात्री मालोया रंगतो. पिंपासारखा मोठा ढोल, उसाच्या तुऱ्याच्या काड्यांत बिया भरून केलेले 'कायांब' नावाचे वाद्य, आणि एकाने म्हणायचे, बाकीच्यांनी उचलून धरायचे असे गाणे. गुलामांचे हे संगीत विसाव्या शतकातही सरकारला नकोसे होते; ते उघडपणे वाजवायला अडथळे येत. 20 डिसेंबरची सार्वजनिक सुट्टी मिळाली ती 1983 साली, म्हणजे मुक्तीनंतर 135 वर्षांनी. 2009 मध्ये युनेस्कोने मालोयाला अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतले. डिसेंबरात गुलमोहर फुललेला असतो, रस्त्याकडेला लिचीचे घड विकायला असतात. अशा दिवसांत हा सण येतो.

गुलामी संपल्यावर मळेवाल्यांनी हिंदुस्थानातून करारावर मजूर आणले. त्यातले बहुतेक तमिळ होते. त्यांना इथे 'मालबार' म्हणतात आणि सेंट आंद्रे गावातली त्यांची दिवाळीची मिरवणूक पाहायला सगळे बेट लोटते. त्यांच्या पाठोपाठ एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सुरत भागातले मुस्लिम व्यापारी आले. कापडाचे तागे घेऊन आले आणि पेठेत स्थिरावले. बेटवाल्यांनी त्यांना नाव दिले 'झाराब', म्हणजे अरब! बोलत होते गुजराती, पण नमाज पढतात म्हणून अरब. मराठी बोलणाऱ्या मुसलमानाला 'तुमची भाषा उर्दू असेल ना?' हा प्रश्न नवा नाही. त्याला या नावातली गंमत चटकन कळेल.

या झाराबांनी सेंट डेनिसच्या भर बाजारात नूर-ए-इस्लाम मशीद बांधली. ती 1905 साली खुली झाली. पॅरिसची मोठी मशीद त्यानंतर 21 वर्षांनी उभी राहिली. मशिदीला लागूनच दुकानांची रांग आहे. फ्रान्सने धर्म आणि शासन वेगळे करणारा कायदा केला, तोही 1905 सालीच. त्या कायद्याच्या चौकटीतच इथल्या मुस्लिमांना राहावे लागते. ईदची सरकारी सुट्टी नाही, रजा काढावी लागते. कुर्बानी अंगणात करता येत नाही, मान्यताप्राप्त कत्तलखान्यातच करावी लागते. 2004 च्या कायद्याने सरकारी शाळेत मुलींना हिजाब घालता येत नाही, आणि तो कायदा इथेही लागू आहे. दुसरीकडे, सेंट डेनिसच्या मदरशात दीनी तालीमबरोबर फ्रेंच शालेय अभ्यासक्रम शिकवला जातो आणि सरकारशी करार असल्याने शिक्षकांचा पगार सरकार देते.

मग अशा घरांनी 14 जुलै आणि 20 डिसेंबर साजरे करायचे की नाहीत? उसाच्या बेटावर रमही मुबलक, आणि जत्रेत ती असतेच. त्यापासून लांब राहणे हे ठरलेले. पण लांब राहणे म्हणजे दार लावून बसणे नव्हे. याचा एक पुरावा बेटाच्या ताटात सापडतो. झाराबांच्या स्वयंपाकघरातला समोसा आज 'सामुसा' नावाने कोपऱ्याकोपऱ्यावर मिळतो. चिकनचा, माशाचा, चीजचाही. रियुनियनचा कुठलाही समारंभ, कुठल्याही धर्माचा असो, त्याच्याशिवाय होत नाही. लोणच्याला इथे 'आशार' म्हणतात, तो आपला अचारच. सेंट जोसेफजवळच्या एका डोंगरी वस्तीत तर दरवर्षी 'सफ्रां'चा, म्हणजे केशराचा उत्सव भरतो. प्रत्यक्षात ते केशर नसून चक्क हळद असते!

या देवघेवीची किंमतही आहे. नव्या पिढीची गुजराती जवळजवळ गेली. मुले घरात क्रिओल आणि शाळेत फ्रेंच बोलतात. दीन टिकला, आजोबांची भाषा टिकली नाही.

20 डिसेंबरला मुक्त झालेल्यांत झाराबांचे पूर्वज नव्हते. ते नंतर आले, आपल्या मर्जीने आले, व्यापार करायला आले. तरी त्या दिवशी सुट्टी त्यांनाही असते आणि त्यांची मुलेही शाळेत मुक्तीचा इतिहास शिकतात. दुसऱ्याच्या दुःखाचा दिवस आपलाही मानणे, त्यासाठी आपला दीन सोडावा लागत नाही. हजरत बिलाल (रजि.) यांची गुलामी आणि त्यांची अजान ज्या घरात मुलांना सांगितली जाते, त्या घराला तर 20 डिसेंबर परका वाटण्याचे कारणच नाही.