अर्धे हळकुंड

वर्गात वाक्प्रचार शिकवणे हा माझा वीस वर्षांचा उद्योग. काही वाक्प्रचार मुलांच्या गळी उतरवताना माझ्या घशाला कोरड पडते. पण 'अर्ध्या हळकुंडाने पिवळे होणे' हा मात्र अर्धापुरात शिकवावाच लागत नाही. गावाच्या चहूबाजूंना केळी आणि हळद. होळीच्या सुमाराला कोणत्याही वाटेने गावाबाहेर पडा. हळद शिजवल्याचा वास येतो आणि वाळत घातलेल्या पिवळ्या राशी दिसतात. व्यापारी येतो, राशीतून एक हळकुंड उचलतो आणि काही न बोलता मोडतो. ते कडकन मोडले तर भावाची बोलणी सुरू होतात. नाही तर तो चपला झटकून पुढच्या राशीकडे वळतो. हा प्रकार मी शंभर वेळा तरी पाहिला असेन. त्यातून आपण काही शिकावे, हे मात्र मला उशिरा कळले, आणि तेही संगणकाच्या दुकानात.

त्याचे असे झाले. पुण्याच्या माझ्या पुतण्याने आपला 'गेमिंग'चा संगणक आमच्या चिरंजिवांना देऊन टाकला. चिरंजीव अकरावीत आहेत. संगणकाची एक बाजू काचेची आणि आत तांबडे-निळे-हिरवे दिवे. तो घरात आल्यापासून माझी आई म्हणते, "दिवाळी सरली तरी ह्याचा आकाशकंदील काही उतरंना." खोका दिसायला असा राजबिंडा, पण त्यातली हार्ड डिस्क जुनी होती. संगणक सुरू करून चिरंजीव स्वयंपाकघरात जात, चहा मागत, तो होईपर्यंत आजीशी गप्पा मारत, चहा पिऊन परत येत, तरी पडद्यावर वर्तुळ आपले गोल गोल फिरतच असे.

"बाबा, ह्याला एसएसडी बसवली पाहिजे," तो एक दिवस म्हणाला.

मी मराठीचा प्राध्यापक. ही तीन अक्षरे मला एखाद्या सरकारी योजनेसारखी वाटली. मग त्याने मला समोर बसवून समजावले. हार्ड डिस्कमध्ये तबकडी गरगर फिरते आणि ग्रामोफोनच्या सुईसारखा एक दांडा तिच्यावर हवे ते शोधत हिंडतो. १९५६ साली आयबीएम कंपनीने अशा तबकड्यांचे पहिले यंत्र काढले, तेव्हा त्यात दोन-दोन फुटांच्या पन्नास तबकड्या होत्या, वजन टनाच्या वर होते आणि मावत होती ५० लाख अक्षरे. आज मोबाइलवर काढलेला एखादा फोटो तेवढी जागा खातो. एसएसडीत फिरणारे काहीच नाही. सूक्ष्म कोठड्यांत विजेचा भार कोंडून ठेवायचा आणि वीज गेली तरी तो तिथेच राहायचा, अशी तिची करामत. तोशिबा कंपनीतल्या फुजिओ मासुओका ह्या जपानी अभियंत्याने ह्या जातीची स्मृती शोधून काढली आणि एसएसडीत वापरतात तो 'नँड' प्रकार १९८७ साली जगापुढे मांडला. जुनी डिस्क सेकंदाला शंभर-दीडशे एमबी वाचते. अगदी साधी एसएसडीसुद्धा पाचशेच्या वर वाचते.

"म्हणजे तुझे खेळ चौपट वेगाने पळणार तर!" मी म्हणालो.

"नाही बाबा. पळण्याचा वेग ग्राफिक्स कार्डावर असतो. खेळ फक्त लवकर सुरू होईल."

आपल्या मागणीची बाजू स्वतःच लंगडी करणारा हा वकील पाहून मला हसू आले. त्याच्या त्या सरळपणाची किंमत मात्र तेव्हा मला कळली नाही.

त्याने वहीच्या पानावर यादी करून दिली. तीन नावे, प्रत्येकी एक टीबी, किमती सहा हजारांच्या घरात. पुढे 'टीएलसी' आणि 'क्यूएलसी' असे शेरे. एका कोठडीत तीन खुणा ठेवायच्या ती टीएलसी, चार ठेवायच्या ती क्यूएलसी. चाळीतल्या एका खोलीत जास्त बिऱ्हाडे कोंबली की भाडे स्वस्त पडते, पण चाळ लवकर झिजते, असा त्याचा अर्थ मी लावला आणि तो बरोबर निघाला. आजीने आणि मामाने वेळोवेळी हातावर ठेवलेले अडीच हजार त्याने जमवले होते. उरलेले मी घालायचे ठरले.

ही गोष्ट २०२५ च्या दिवाळीच्या सुट्टीतली. त्याच सुमारास काही कामानिमित्त मी एका मोठ्या शहरी गेलो होतो. शहराचे नाव सांगत नाही. दोष शहराचा नव्हता. कामे आटोपून बाजारातून हिंडताना एका दुकानात मला एसएसडी दिसली. एक नव्हे, दोन टीबी! किंमत अठ्ठावीसशे. मध्यमवर्गीय माणसाला घासाघीस करताना जो आनंद होतो, तो त्याला संगीतातही मिळत नसावा. मी दोनदा दुकानाची पायरी उतरलो, दोनदा परत चढलो आणि बावीसशेवर सौदा पटवला. दुकानदार म्हणाला, "बिल पाहिजे तर अठरा टक्के जीएसटी वेगळा." मी बिल घेतले नाही. शहाण्या माणसाने कागदासाठी चारशे रुपये का मोजावेत?

घरी आलो तो अगदी दिग्विजय करून आल्यासारखा. "तुझ्या यादीत एक टीबी सहा हजारांना. हे पाहा, दोन टीबी, बावीसशेला!" चिरंजिवांनी ती हातात घेतली, उलटसुलट करून पाहिली आणि ते म्हणाले, "छान आहे, बाबा." त्या 'छान'मध्ये एक बारीकशी कचर होती, पण ती ऐकायला माझे कान जागेवर कुठे होते?

त्याने ती बसवली, आपले मोजके सामान तिच्यावर उतरवले आणि संगणक खरोखरच झटक्यात सुरू झाला. मी लगेच जुनी हार्ड डिस्क पिशवीत घातली. "राहू द्या ना, बाबा, पंधरा दिवस," तो म्हणाला. "घरात भंगार कशाला?" असे म्हणून मी ती नांदेडला तीनशे रुपयांना विकून आलो. म्हणजे सौदा एकोणीसशेचाच झाला! आठ दिवस मी कॉलेजच्या स्टाफरूममध्ये हा हिशेब प्रत्येकाला ऐकवला. अर्ध्या हळकुंडाने माणूस किती पिवळा होतो, त्याचे मी चालतेबोलते उदाहरण झालो होतो.

अकराव्या दिवशी संगणक सुरूच होईना. काळ्या पडद्यावर इंग्रजीत एक ओळ आली आणि तिथेच थांबली. आदल्या दिवशी चिरंजिवांनी मोटारींच्या शर्यतीचा एक खेळ उतरवून घेतला होता. तो एकटाच शंभर जीबीच्या वर जागा घेतो. मला कारण सापडले. मी त्याला जे बोललो, ते सगळे इथे लिहीत नाही. नवी कोरी वस्तू अकरा दिवसांत मोडलीस, खेळाच्या नादात तुला कशाची किंमत राहिली नाही, असे बरेच काही बोललो. शेवटी, "तुझ्या हाताला काही टिकायचं नाही," असेही म्हणालो. बापाच्या तोंडून गेलेले असे वाक्य परत घेता येत नाही. "मी काही केलं नाही, बाबा," एवढेच तो म्हणाला. त्यानंतर आठ दिवस त्याने त्या खोक्याकडे पाहिले नाही आणि माझ्याकडेही.

शेवटी सौ. म्हणाली, "अहो, निदान कुणाला दाखवून तरी आणा. माणूस आजारी पडला तर डॉक्टरकडे नेतो ना आपण?"

नांदेडला वजिराबादेत माझा एक जुना विद्यार्थी संगणकदुरुस्ती करतो. तो अर्धापूरचाच, हळदवाल्याचा मुलगा. त्याने वस्तू पाहिली, किंमत विचारली आणि आकडा ऐकून मान खाली घातली. "ठेवून जा, सर. उद्या या."

दुसऱ्या दिवशी त्याने मला स्टुलावर बसवून चहा पाजला आणि मग सांगितले, "सर, ही दोन टीबीची नाहीच. एकशेवीस जीबीचीसुद्धा पुरती नाही. आतल्या चिपला खोटं बोलायला शिकवलंय. संगणकानं विचारलं, तुझ्यात जागा किती, की ती म्हणते दोन टीबी. वहीला पानं शंभर, पण वर लिहिलंय दोन हजार. शंभरावं पान भरलं की ती परत पहिल्या पानावर लिहायला लागते. जुनं पुसलं जातं, कुणाला पत्ता लागत नाही."

"मग हे ओळखायचं कसं?"

"आकडा बघून ओळखूच येत नाही, सर. ती पूर्ण भरायची आणि भरलेलं सगळं परत वाचून बघायचं. त्याची फुकट प्रोग्रॅम मिळतात. रात्रभर लावून ठेवलं की झालं." मग जरा थांबून म्हणाला, "हळकुंड मोडूनच बघावं लागतं."

मी त्याला पैसे विचारले. त्याने घेतले नाहीत. त्याने घेतले असते तर बरे वाटले असते.

तिच्यावर होते त्यातले काही परत मिळाले नाही. काय होते? मी नीट विचारलेच नव्हते. संध्याकाळी घरी आईनेच सांगितले. चिरंजीव शेतीचा एक खेळ खेळत असत. दोन वर्षांत त्यांनी त्या पडद्यावर शेत उभे केले होते. नांगरट, पेरणी, कर्ज काढून घेतलेला ट्रॅक्टर, फेडलेले हप्ते. रोज संध्याकाळी ते आजीला दाखवीत आणि आजी सल्ला देई. ते सगळे गेले होते. त्या पावसाळ्यात अतिवृष्टीने मराठवाड्यातली किती तरी खरी शेते पाण्याखाली गेली होती. त्यांच्यापुढे हे दुःख ते काय, असे मी म्हणणार होतो. पण आई आधीच बोलली. ती म्हणाली, "पोराचं शेत गेलं रे. अन् वर तूच त्याला बोललास."

मी त्याच्या खोलीत गेलो. आमच्याकडे बापाने मुलाची क्षमा मागण्याची रीत नाही, त्यामुळे त्यासाठी तयार वाक्येही नाहीत. मी ती डबी टेबलावर ठेवली आणि म्हणालो, "वस्तूच खोटी होती. माझं चुकलं."

"मला माहीत होतं, बाबा."

"कधीपासून?"

"तुम्ही किंमत सांगितली तेव्हाच शंका आली. त्या भावात दोन टीबी येतच नाही. म्हणून तर म्हटलं, जुनी पंधरा दिवस राहू द्या."

"मग बोलला का नाहीस?"

तो थोडा वेळ गप्प राहिला. "तुम्ही किती खुशीत होता!"

पुढच्या जानेवारीत आम्ही दोघे सिकंदराबादला गेलो. आम्हा नांदेडकरांना मोठ्या खरेदीला मुंबईपेक्षा हैदराबादच जवळचे. १९५६ पर्यंत तीच आमची राजधानी होती आणि बाजारापुरती ती अजूनही आहे. गाडी गोदावरी ओलांडण्याआधी बासरला थांबली. ह्याच सरस्वतीपुढे चौथ्या वर्षी त्याचा हात धरून मी पाटीवर पहिले अक्षर गिरवून घेतले होते. आता वहीचे पान त्याच्या हातात होते आणि मी त्याच्या मागून चाललो होतो.

पार्क लेनमधल्या चिनॉय ट्रेड सेंटरात संगणकाच्या दुकानांना अंत नाही. पण भाव ऐकून चिरंजीवही चपापले. कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी जगभर जी प्रचंड संगणककेंद्रे उभी राहत आहेत, त्यांना स्मृतीची भूक फार मोठी. कारखाने आधी त्यांचे ताट वाढतात. मायक्रॉनने तर २०२५ च्या डिसेंबरात जाहीर केले की, 'क्रुशियल' ह्या नावाने घरगुती गिऱ्हाइकांना माल विकणे ते बंद करणार. अमेरिकेतल्या त्या निर्णयाची झळ अर्धापूरच्या अकरावीतल्या मुलाच्या खिशाला लागली. ज्या पैशांत पूर्वी एक टीबी येत होता, त्यात आता पाचशे जीबी, म्हणजे अर्धाच येत होता.

मी म्हणालो, "मी आणखी घालतो. एक टीबीचीच घे."

"नको, बाबा. एका वेळी एकच मोठा खेळ ठेवीन. खेळून झाला की काढीन, मग दुसरा. अर्धी पुरते."

मी त्या दिवशी एका पैशाचीही घासाघीस केली नाही. बिल घेतले, जीएसटीसकट. चिरंजिवांनी डबीवरचा अनुक्रमांक बिलावरच्या आकड्याशी ताडून पाहिला, हमीची वर्षे विचारली आणि एकूण किती टीबी लिहीपर्यंत हमी चालते तो आकडाही विचारला. दुकानदार माझ्याकडे पाहून म्हणाला, "बच्चा होशियार है, साब." मी मान डोलावली, पण त्यात माझा वाटा काहीच नव्हता.

घरी येऊन ती संगणकात बसवली, तर पडद्यावर जागा दिसली ४६५ जीबी. माझे काळीज हलले. "पस्तीस कुठे गेले?" मी जवळजवळ ओरडलोच. चिरंजीव महिनाभरात पहिल्यांदाच मोकळे हसले. कारखाना हजाराच्या हिशेबाने मोजतो आणि संगणक एक हजार चोवीसच्या, म्हणून आकडा कमी दिसतो. माल तेवढाच असतो, असे त्यांनी मला समजावले. मग आम्ही ती पूर्ण भरायला लावून झोपलो. पहाटे उठून मी अंधारातच पडदा पाहिला. जे लिहिले होते, ते सगळे परत वाचले गेले होते. कुठे चूक नव्हती. हळकुंड अर्धेच होते, पण कडकन मोडले होते.

ती दोन टीबीची डबी मी फेकली नाही. ती माझ्या टेबलावर उत्तरपत्रिकांवर दाब म्हणून असते. मोठे आकडे तपासताना तिच्याकडे लक्ष जाते.

चिरंजिवांनी शेत पुन्हा पहिल्यापासून सुरू केले. परवा त्यांनी मला बोलावले. खुर्चीत बसून मी सौ.ला चहाची हाक मारली. पण आधण ठेवायच्या आतच खेळ समोर येऊन उभा राहिला. "चालवा ना ट्रॅक्टर, बाबा." मी चालवला आणि चौथ्याच मिनिटाला शेजाऱ्याच्या उभ्या पिकात घातला. मी ओशाळून हात मागे घेतला.

"असू द्या, बाबा," तो म्हणाला, "अजून सेव्ह केलेलं नाही."