छत गळलं, खर्च कोणाचा?

मंडळी, ऑगस्ट २०२२ आपल्या धारकरांच्या चांगलाच लक्षात असेल. धरमपुरी तहसिलीत कारम नदीवर बांधकाम चालू असलेल्या धरणाच्या मातीच्या भिंतीतून पाणी झिरपू लागलं. धार आणि खरगोन जिल्ह्यांतली मिळून १८ गावं रिकामी केली. बाजूनं चर खोदून १४ तारखेला पाणी सोडलं, तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला. काम सुमारे ३०४ कोटींचं. पुढे आठ अधिकारी निलंबित झाले, कंपनी काळ्या यादीत गेली.

सरकारी कामात निदान ठेकेदाराची ठेव जमा असते, दोषदुरुस्तीची मुदत करारात लिहिलेली असते. आपल्या घरच्या कामात काय असतं? डायरीच्या पानावर फुटाचा भाव, आणि "आपलाच माणूस आहे".

त्याच पावसाळ्यात देवासला आमच्या अक्काच्या वरच्या दोन खोल्यांचं छत गळू लागलं. काम होऊन आठ महिनेच झाले होते. भाऊजी गेल्यावर एफडी मोडून साडेचार लाखांत बांधलेल्या खोल्या. भाड्यात औषधपाणी निघावं हा हिशेब. भाडेकरू महिन्याभरात सोडून गेला. ठेकेदार भाऊजींच्या मित्राचा मुलगा. "मावशी, ऊन पडू द्या, लगेच करून देतो." ऊन पडलं, दिवाळीही झाली.

अक्का वैतागून म्हणाली, "दुसरा मिस्त्री बोलावते आणि सगळं उकरून टाकते."

मी म्हटलं, "अक्का, थांब. आधी कागद." बँकेत उभा जन्म गेला, दुसरं काय सुचणार!

कारण छत उकरलं की दोषाचा पुरावाही मलब्याबरोबर गेला. मग समोरचा म्हणणार, मला सांगितलंच नाही, मी फुकट करून दिलं असतं. म्हणून आधी रजिस्टर्ड पत्र: काय गळतंय, कधीपासून, १५ दिवसांत दुरुस्त करून द्या. उत्तर आलं नाही. मग एका निवृत्त इंजिनिअरकडून पाहणी करून लेखी अहवाल घेतला. गच्चीला पाइपाकडे ढाळच नव्हता आणि वॉटरप्रूफिंगचा थर जेमतेम. तारखेसकट फोटो काढले. दोन ठिकाणची अंदाजपत्रकं घेतली, १,३८,००० आणि १,५२,०००. कमीवाल्याला काम दिलं, पक्की बिलं घेतली. तोवर गच्चीवर ताडपत्री घातली, कारण १८७२ च्या करार कायद्याच्या कलम ७३ प्रमाणे भरपाई ठरवताना नुकसान आटोक्यात ठेवायचे उपाय हाताशी होते का, हेही पाहतात. आणि दुरुस्तीचा वाजवी खर्च मागता येतो. त्याच बिलात नवीन टाइल्स बसवून घेता येत नाहीत.

घरबांधणी ही ग्राहक कायद्याखाली 'सेवा' आहे, हे सर्वोच्च न्यायालयानं १९९३ मध्येच लखनौ विकास प्राधिकरणाच्या खटल्यात सांगितलंय. जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत जावं लागतं. मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही. बिल्डरकडून रेरा नोंदणीतला फ्लॅट घेतला असेल तर ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत कळवलेला बांधकामाचा दोष त्यानं ३० दिवसांत फुकट दुरुस्त करून द्यायचा असतो.

अक्कानं शेवटच्या हप्त्याचे ४०,००० अजून दिले नव्हते. ते वजा जाता मागणी ९८,००० ची. वकिलाची नोटीस गेल्यावर तो मुलगा वडिलांना घेऊन आला. अक्कानं चहा केला, पोहे केले आणि फाइल समोर ठेवली. वडिलांनी अहवाल दोनदा वाचला, मुलाकडे पाहिलंही नाही. दोन चेकांत ७०,००० मिळाले.

उरलेल्या २८,००० साठी मी आयोगात जाऊ म्हणत होतो. अक्का म्हणाली, "ऐंशीव्या वर्षी मला तारखा नकोत रे. खोली कोरडी झाली, बास." तिनं ते स्वतः ठरवून सोडले, फसलो म्हणून बुडाले नाहीत. खोल्यांना नवा भाडेकरू मिळाला. त्या घरचं गणपतीचं बोलावणं मात्र तेव्हापासून आलेलं नाही.

घरात काम काढणार असाल तर दोषदुरुस्तीची मुदत लिहून घ्या आणि एक पावसाळा जाईपर्यंत थोडी रक्कम हातात ठेवा. ठेकेदार आपला असेल तर आधी लिहा.