थांबलेल्या मोटरीचं ऐकावं

काष्टी म्हटलं की लोकांना शनिवारचा जनावरांचा बाजार आठवतो. त्या बाजारात बैल पारखणारा माणूस आधी दात बघतो, मग खुरं बघतो, मग चार पावलं चालवून बघतो. बैल काही बोलत नाही, पण पारख असणाऱ्याला सगळं सांगतो. मोटरीचंही तसंच आहे. माझं शिक्षण दहावीपर्यंत. मोट, इंजिन, मोटर आणि आता सूर्यावरचा पंप, हे सगळं मी बघितलं. त्यातून एक कळलं. बंद पडलेली मोटर मुकी नसती. आपण तिचं ऐकून घ्यायच्या आधीच पाना हातात घेतो.

पूर्वी ऐकायचं म्हणजे खरोखर कानानंच. रात्रीची लाईट आली की बॅटरी घेऊन विहिरीवर जायचं. तीन फेजमधला एक गेलेला असला तर उभी मोटर फिरत नाही, नुसती घुमते. बटण लगेच सोडलं तर वाचते. पण चालू असताना फेज गेला तर ती थांबत नाही. राहिलेल्या दोन फेजवर जास्त करंट ओढत चालत राहते, तापते आन् जळते. म्हणून स्टार्टरच्या पेटीजवळ दोन मिनिटं उभं राहून आवाज घ्यायचा. संशय आला तर टेस्ट लॅम्प. दोन फेजमध्ये चारशेच्या वर व्होल्ट असतात, एकटा बल्ब फटकन उडतो. म्हणून एकामागं एक जोडलेले दोन बल्ब. तिन्ही जोड्यांवर सारखा उजेड पडला तर लाईट ठीक, दोष आपल्या बाजूला. नाही पडला तर डीपीवरचा फ्यूज बघा.

मोटर जळालीच, तर वायंडिंगवाल्याकडं न्यायची. आमचा मिस्त्री मोटर उघडून आधी आत नुसता बघत बसायचा. काही कॉइल काळ्या ठिक्कर आन् काही कोऱ्या करकरीत असल्या की म्हणायचा, "एक फेज गेल्ता." सगळ्या सारख्या काळवंडल्या असल्या की म्हणायचा, "व्होल्टेज कमी, नायतर लोड जास्त. नुसती भरून दिली तर परत जळंल. आधी पंप हातानं फिरतो का बघ." जळालेल्या तारेतही तो कारण वाचायचा.

आता पुतण्याच्या विहिरीवर पाच एचपीचा सौर पंप बसला. सरकारच्या योजनेत दहा टक्के पैसे शेतकऱ्यानं भरायचे असतात, ते त्यानं भरले. खांबावर पॅनेल, खाली एक डबा, डब्यावर छोटा पडदा. त्याला सगळे कंट्रोलर म्हणतात. कुरकुंभच्या एमआयडीसीत नोकरीला असलेला भाचा म्हणाला, "मामा, आमच्या कंपनीत मोठमोठ्या मोटरींना हाच डबा असतो, त्याला ड्राइव्ह म्हणतात." पॅनेलची वीज बॅटरीसारखी एकाच दिशेची. हा डबा तिच्यापासून तीन फेज तयार करतो आन् ऊन असेल तसा मोटरीचा वेग कमीजास्त करतो. खांबावरची लाईट 50 हर्ट्झची, वेग ठरलेला. इथं सकाळी 25 असंल, दुपारी 50.

पहिल्याच आठवड्यात पुतण्या सकाळी पळत आला. "तात्या, मोटर फिरती पर पाणी येईना. डबा खराब दिलाय."

दहा वाजेपर्यंत थांब म्हणालो. दहाला पाणी आलं. यात जादू नाही. वेग अर्धा झाला की पाणी निम्म्या उंचीवर जात नाही, चौथाई उंचीवरच जातं. पूर्ण वेगात 200 फूट चढवणारा पंप अर्ध्या वेगात 50 फुटांवर थकतो. मोटर फिरते, पाणी पाइपात मध्येच लोंबकळतं. दहा वाजूनही धार बारीकच राहिली असती, तर मोटर उलटी फिरत असल्याचा संशय घेतला असता. तिच्या तीन वायरींपैकी कोणत्याही दोन अदलाबदल केल्या की ती सुलट फिरते.

मात्र हे करताना जिवाशी गाठ आहे. खांबावरची लाईट डीपीवरून बंद करता येते, सूर्य बंद करता येत नाही. ऊन आहे तोवर पॅनेलच्या वायरींत काहीशे व्होल्ट असतातच. आणि स्विच पाडला तरी डब्याच्या पोटात काही मिनिटं वीज साठून राहते. किती मिनिटं थांबायचं ते त्याच्यावर छापलेलं असतं. तेवढं थांबल्याशिवाय झाकणाला हात लावायचा नाही, आणि जाणकार सोबत नसला तर मुळीच नाही.

खरी गाठ पडली एप्रिलात. मोटर वीस मिनिटं चालायची आन् थांबायची. पडद्यावर यायचं, ड्राय रन. दोन एकर ऊस उभा, एक एकर लागण आन् एक एकर खोडवा, पानं गुंडाळायला लागलेली. पंप बसवणाऱ्यांना फोन केला तर माणूस आठवड्यानं येईल म्हणाले. बाजारातला एक पोरगा म्हणाला, "पाचशे द्या, ती सेटिंगच बंद करतो. मग थांबायची नाय."

पुतण्या पैसे काढायला लागला. मी म्हणालो, "ती थांबली का, ते आधी बघू."

पंपाला पाणी मिळेना की मोटर हलकी फिरते, करंट कमी ओढते. डबा तेवढ्यावरून ओळखतो आन् तिला थांबवतो, कारण पाण्यातली मोटर पाण्यानंच थंड राहते. डब्याचं खरं का खोटं, ते तपासायला दोरीला दगड बांधला, हात-हात अंतरावर गाठी मारल्या आन् विहिरीत सोडला. सकाळी पाणी पाच हात. वीस मिनिटांनी मोटर थांबली तेव्हा पाणी पंपाच्या तोंडाशी. मग बांधावर बसून राहिलो. पाणी परत पाच हात व्हायला तीन तास लागले.

डबा खरं बोलत होता. बिघाड विहिरीत होता. पाचशे रुपये देऊन आम्ही पाणी विकत घेतलं नसतं, खरं सांगणाऱ्याचं तोंड बंद केलं असतं. आमच्याकडं घोडच्या कालव्याचं आवर्तन आलं की विहिरी भरतात, लांबलं की तळ दिसतो. त्यात रात्रीच्या लाईटीवर माणूस कधी तरी झोपायचा, विहिरीलाही विसावा मिळायचा. सूर्य रोज उगवतो, पाण्याला पैसे पडत नाहीत, म्हणून पंप दिवसभर चालू. सौर पंप चांगलाच आहे, बिबट्याच्या भीतीत रात्री दारं धरायला जायचं त्यानं वाचवलं. पण झरा काही त्यानं वाढवला नाही.

पुतण्या दोन दिवस बोलला नाही. तिसऱ्या दिवशी त्यानं एक एकर खोडवा सोडून दिला, जनावरांना वैरणीला तोडला. राहिलेल्या एकराला ठिबक जोडलं. वीस मिनिटं मोटर, तीन तास विसावा, दिवसात तीन पाळ्या. खोडवा तोडताना त्याच्या आईच्या डोळ्याला पाणी आलं. ऊस लेकरासारखा असतो, तिचं चुकीचं नव्हतं. पण दोन्ही एकर धरून ठेवले असते तर दोन्ही गेले असते.

आता डब्याशेजारी खिळ्याला एक वही लटकवलेली आहे. मोटर थांबली की पुतण्या आधी लिहितो: पडद्यावर काय आलं, किती वाजता, ऊन कसं, पाणी किती हात. कंपनीच्या माणसाला फोन त्यानंतर. परवा शेजारचा गडी पंप बंद पडला म्हणून सांगत आला, तर पुतण्यानं त्याला पहिला प्रश्न विचारला, "पाणी मोजलं का?"